रॅक निर्दोष होता : एका जुन्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंग गळतीचे प्रकरण

२०२३ च्या दसऱ्याला आम्ही एक सात आसनी डिझेल गाडी घेतली. गाडी २०१२ च्या बनावटीची होती, आमच्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते आणि मीटरवर १,४६,००० किलोमीटर दिसत होते. विक्रेता पुण्यातलाच, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा. गाडीच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दोष कारखान्याचा नव्हताच. दोष होता तो अकरा वर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहिलेल्या रबराचा आणि मधल्या काळात कोणीतरी केलेल्या एका स्वस्त दुरुस्तीचा. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. या गळतीने माझी जी धावपळ केली, तिची नोंद विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी वहीत तारीखवार ठेवली होती. पुढील लेखन त्या वहीवरून केले आहे.

खरेदीच्या दिवशी माझ्याकडून झालेली चूक आधी सांगतो. बॉनेट उघडले तेव्हा इंजिन असे लखलखत होते की, शेजारी उभ्या असलेल्या पत्नीने "गाडी चांगली सांभाळलेली दिसते" असे म्हटले आणि मीही मान डोलावली. वास्तविक ज्या इंजिनावर अकरा वर्षांच्या धुळीचा एक कणही नाही, ते इंजिन सांभाळलेले असेलच असे नाही, पण ते नुकतेच धुतलेले मात्र नक्की असते. आणि गळतीचा पहिला पुरावा म्हणजे तेलावर बसलेली धूळ, ती पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने दहा मिनिटांत निघून जाते. स्टेअरिंगच्या तेलाची बॉटल मी उघडून पाहिली होती. पातळी वरच्या खुणेवर होती, तेलाचा रंग मात्र काळपट तपकिरी होता. जुने तेल असेल, बदलून घेऊ, असे म्हणून मी झाकण लावले. एवढी जुनी गाडी, इतके काळे तेल आणि तरीही पातळी अगदी खुणेला टेकलेली, म्हणजे कोणीतरी नुकतीच भर घातलेली असणार, हा विचार त्या वेळी सुचला नाही. झेंडूची माळ घालून गाडी घरी आली.

भाऊबीजेसाठी चिपळूणला बहिणीकडे निघालो. साताऱ्याच्या पुढे उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर असा रस्ता धरला, तोपर्यंत काहीच जाणवले नाही. कुंभार्ली घाटाच्या उतारावर तिसऱ्या-चौथ्या वळणापासून स्टेअरिंग वळवताना बॉनेटखालून बारीक कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. वळण संपले की आवाज थांबे आणि पुढच्या वळणाला पुन्हा सुरू होई. घाट उतरेपर्यंत स्टेअरिंगचे चाक मध्येच जड, मध्येच हलके लागत होते, जणू कोणी दुसऱ्या बाजूने धरून सोडत आहे. जळक्या तेलाचा वासही येत होता, पण पुढे एक मालवाहू ट्रक ब्रेक तापवत चालला होता, त्यामुळे तो वास मी त्याच्या नावावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर, पुढच्या चाकाच्या थोडे मागे, तळहाताएवढा तांबूस डाग पडलेला होता. दाजी म्हणाले, "एसीचे पाणी असेल." एसीचे पाणी रंगहीन असते आणि वाळले की त्याची खूणही उरत नाही. मी गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाचे एक पान मागून घेतले, कोरी बाजू वर करून ते गाडीखाली सरकवले आणि चहा होईपर्यंत वाट पाहिली. पानावर तीन थेंब पडले होते. प्रत्येक थेंबाभोवती अर्धपारदर्शक वर्तुळ पसरत चालले होते, म्हणजे ते तेलच होते. डिझेल इंजिनाचे तेल काळेकुट्ट असते आणि ब्रेकचे तेल साधारणतः फिकट पिवळसर. रेडिएटरचे कूलंट काही गाड्यांत लाल किंवा गुलाबी असल्यामुळे फसवू शकते, पण ते पाण्यात विरघळते आणि बोटांना तेलकट न लागता किंचित चिकट लागते. तांबूस, पातळ, बोटांत घोळवल्यावर गुळगुळीत आणि जुन्या करपलेल्या तेलाच्या वासाचे म्हणजे पॉवर स्टेअरिंगचेच. ही गाडी हाताच्या गिअरची होती, त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून लाल तेल येण्याचा प्रश्नच नव्हता. बॉटल उघडली तेव्हा पातळी खालच्या खुणेच्याही बोटभर खाली होती आणि वर फिकट तपकिरी फेस जमला होता.

या फेसाचा अर्थ समजण्यासाठी यंत्रणा थोडक्यात सांगणे भाग आहे. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मोटर मदत करते. तेथे तेलच नसते आणि म्हणून गळतीही नसते. जुन्या पद्धतीत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप बॉटलमधले तेल ओढून घेतो आणि दाबाच्या पाइपातून रॅककडे, म्हणजे पुढची चाके डावी-उजवीकडे वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या यंत्रणेकडे, पाठवतो. चालक चाक वळवतो तेव्हा रॅकच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह ते तेल रॅकच्या नळकांड्यातील पिस्टनच्या एका बाजूला सोडतो, पिस्टन सरकतो आणि चाके वळवायला जोर मिळतो. काम संपलेले तेल परतीच्या पाइपाने बॉटलमध्ये येते. गाडी सरळ धावत असताना या तेलावर फारसा दाब नसतो. उभ्या गाडीची चाके वळवताना दाब चढतो आणि चाक शेवटच्या टोकाला नेऊन तसेच धरून ठेवले तर तो कमाल मर्यादेला पोहोचतो. ही मर्यादा बहुतेक मोटारींत ७० ते १०० बारच्या आसपास, म्हणजे टायरमधील हवेच्या कितीतरी पट असते. साहजिकच दाबाच्या बाजूला असलेली फट पार्किंग करताना ओघळते आणि सरळ रस्त्यावर कोरडी दिसते. उलट बॉटल ते पंप हा ओढीचा भाग असतो. तेथे फट पडली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाऊ शकते. बॉटलमधली पातळी खाली गेली तरीही पंप हवाच ओढतो. हवा मिसळलेले तेल दाबले जाते आणि पुन्हा फुगते, पंप कण्हू लागतो आणि बॉटलमध्ये फेस येतो. घाटातला आवाज तो हाच होता. मदत पूर्ण बंद पडली तरी चाक आणि रॅक यांचा दांड्याचा जोड शाबूत असतो, गाडी वळते. पण सात माणसांनी भरलेली गाडी घाटातल्या वळणावर नुसत्या मनगटाच्या जोराने वळवावी लागणे ही काही गाफील राहण्यासारखी गोष्ट नव्हे.

चिपळूणला भर घालण्यासाठी तेल शोधताना पहिल्याच दुकानात ब्रेक ऑइलची बाटली पुढे करण्यात आली. "दोन्ही हायड्रॉलिकच आहेत ना, सर. चालतं." हे मात्र अजिबात चालत नाही. ब्रेकचे नेहमीचे तेल ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि स्टेअरिंगच्या पंपातील व रॅकमधील सील खनिज तेलासाठी बनवलेल्या रबराचे असतात. ब्रेकच्या तेलात ते फुगतात, मऊ पडतात आणि एका छोट्या गळतीच्या जागी संपूर्ण यंत्रणेतले रबर बदलायची पाळी येते. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे तेल), डेक्सरॉन २ किंवा ३ या प्रतीचे, असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्येक गाडीला हेच चालते असेही नाही. काही युरोपीय गाड्या हिरव्या रंगाचे वेगळे कृत्रिम तेल मागतात, तर काही जपानी कंपन्या स्वतःच्याच विशिष्ट तेलाचा आग्रह धरतात. बॉटलच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जे छापलेले असेल ते अंतिम समजावे. तिसऱ्या दुकानात हवे ते तेल मिळाले. परतीच्या प्रवासात आम्ही पाटणला आणि साताऱ्याला थांबून पातळी पाहिली आणि दोन्ही वेळा थोडी भर घातली.

पुण्यात आल्यावर चार दिवसांत तीन निदाने मिळाली. घराजवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि गाडीखाली न वाकताच पंप गेल्याचे सांगितले. नूतनीकरण केलेला पंप मजुरीसह १२,५०० रुपयांना पडेल, असा त्यांचा अंदाज होता. दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या गॅरेजने गाडी रॅम्पवर चढवली, डाव्या चाकाच्या आतल्या रबरी बुटावर, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या घडीदार आवरणावर, टॉर्च मारून तो तेलाने ओला असल्याचे मला दाखवले आणि "रॅक लीक आहे, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" असे सांगून ३४,००० रुपयांचे लेखी अंदाजपत्रक हाती दिले, अलाइनमेंट वेगळे. तिसरे निदान विक्रेत्याचे होते, तेही फोनवरून. त्याचे म्हणणे असे की, बाजारात गळती थांबवणारे औषध मिळते, एक बाटली टाका आणि विसरून जा.

हे औषध मी वापरले नाही. अशा द्रवांत रबर फुगवणारी व मऊ करणारी रसायने असतात. कडक झालेला सील त्यामुळे काही काळ फुगून घट्ट बसतो, हे खरे आहे. पण ते रसायन गळणारे रबर कोणते आणि धडधाकट रबर कोणते हे ओळखत नाही, तुटक्या पाइपाला किंवा सैल क्लिपला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही आणि गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्याची संधी मात्र हातची जाते. भंगारात निघालेली गाडी आणखी दोन महिने ओढायची असेल तर गोष्ट वेगळी.

पंपाचे निदान कानावरून झालेले होते आणि रॅकचे डोळ्यांवरून, पण दोघांनीही एक साधी गोष्ट गृहीत धरली होती की, जेथे तेल दिसते तेथूनच ते येते. तेल खाली ओघळते, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते, पाइपाच्या अंगावरून चालत दोन फूट दूर जाऊन मगच थेंब सोडते. आमच्या गाडीत डाव्या बुटाच्या बरोबर वर परतीचा पाइप होता आणि त्याच्याही वर, इंजिनाच्या कडेला, पंप. म्हणजे बूट ओला होण्यासाठी रॅक फुटण्याची गरजच नव्हती. वरच्या कोणत्याही जोडातून तेल आले असते तरी ते त्याच्यावरच पडले असते. पंपाच्या आवाजाचेही तसेच. पातळी खाली गेल्यावर धडधाकट पंपसुद्धा कण्हतो, त्यामुळे पातळी भरून, हवा काढून मग ऐकल्याशिवाय त्या आवाजावरून पंपाला दोष देता येत नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्याला हाताशी घेतले. गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून दोन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते. पंप, पाइप, रॅक आणि आजूबाजूचा सगळा भाग आधी डिझेलच्या बोळ्याने व नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन काढला, कोरड्या फडक्यांनी पुसला आणि दुपारभर वाळू दिला. मग प्रत्येक जोडावर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर ब्रशने मारली. प्रयोगशाळेत यासाठी तेलात मिसळायचा रंग आणि अतिनील दिवा वापरतात आणि तो अधिक अचूक असतो हे खरे, पण पांढऱ्या पावडरीवर लाल तेलाचा ठिपका उमटायला दिवा लागत नाही.

पावडर मारण्याआधी मात्र एक गोष्ट करून घेतली आणि संपूर्ण प्रकरणाचा निकाल खरे तर तिथेच लागला. डाव्या बुटाची आतली क्लिप सोडवून मी बूट मागे सरकवला. रॅकच्या टोकाचा सील फुटलेला असेल तर तेल याच बुटात साठते; बूट दाबला की ते पचपचते आणि क्लिप काढताच हातावर येते. आमच्या बुटाची आतली बाजू कोरडी होती. चकचकीत दांड्यावर जुन्या ग्रीसचा पातळ थर होता, बुटाच्या घड्यांत थोडी धूळ होती, तेल नव्हते. अनेक रॅकमध्ये दोन्ही बूट हवेसाठी एका बारीक नळीने जोडलेले असतात आणि एका बाजूचे तेल दुसऱ्या बाजूला जाऊ शकते, म्हणून उजवा बूटही सोडून पाहिला. तोही कोरडा निघाला. ३४,००० रुपयांचा रॅक केवळ बाहेरून भिजला होता.

मग इंजिन सुरू केले. भाचा चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत होता. त्याला मी बजावून ठेवले होते की, टोकाला नेऊन धरून ठेवायचे नाही, फार तर चार-पाच सेकंद, कारण तिथे पंपाचा सगळा जोर व्हॉल्व्हवर येतो आणि तेल भराभर तापते. सात-आठ मिनिटांनी दाबाच्या पाइपाचे रबर जेथे धातूच्या टोपीत दाबून बसवलेले असते, त्या कडेला पावडर गुलाबी झाली. डाग वाढण्याचा वेग अगदी कमी होता, एवढ्या गळतीने घाटात बॉटल रिकामी होणार नाही. खरा चोर आणखी दहा मिनिटांनी सापडला. परतीच्या पाइपावर, क्लिपच्या दोन्ही बाजूंना, पावडर आधी ओली झाली, मग वाहू लागली आणि तिथून तेलाची एक बारीक रेघ पाइपाच्या पोटावरून उतरत बुटाच्या डोक्यावर थांबली. मी पाइप चिमटीत धरला तर तो भिजवलेल्या वाटाण्यासारखा मऊ लागला. दोन बोटे टेकवली की सहज चेपला जात होता आणि सोडल्यावर पूर्ववत व्हायला वेळ घेत होता.

तो तुकडा काढून पाहिल्यावर उलगडा झाला. मूळ पाइप कधीतरी फाटलेला असावा आणि कोणीतरी त्या जागी हीटरच्या गरम पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा कापून स्क्रूच्या क्लिपने आवळला होता. आकार नेमका जुळत होता आणि नवा असताना तो घट्टही बसला असणार. पण रेडिएटर-हीटरचे पाइप सहसा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. गरम पाणी आणि कूलंट यांत ते वर्षानुवर्षे टिकते, खनिज तेलात मात्र फुगून मऊ होते. तेलासाठी नायट्राइल जातीचे रबर लागते. क्लिपखाली रबर लोण्यासारखे दबत गेले, क्लिप सैल झाली, कोणीतरी ती पुन्हा आवळली, रबर आणखी दबले. क्लिपच्या पट्ट्याच्या खुणा त्या तुकड्यावर तीन ठिकाणी कोरल्यासारख्या दिसत होत्या, म्हणजे निदान तीनदा तरी ती आवळली गेली होती. तो तुकडा मी वर्गातल्या कपाटात ठेवला आहे. परतीच्या बाजूला दाब कमी असतो म्हणून तेथे कोणताही पाइप चालतो, हा समज किती महागात पडतो ते त्याच्याकडे पाहून मुलांना लगेच कळते.

दुरुस्तीसाठी मी पंप-रॅकचेच काम करणारे एक छोटे गॅरेज निवडले. तेथील मिस्त्रींनी माझी वही शांतपणे वाचली, बूट स्वतः पुन्हा उघडून पाहिला आणि मगच "रॅकला हात लावायची गरज नाही, सर" असे म्हटले. परतीच्या पाइपासाठी नाना पेठेतून तेलाला चालणारा नळीचा तुकडा आणि नव्या क्लिपा आणल्या. त्यांचा खर्च ३०० रुपयांच्या आत होता. दाबाच्या पाइपाबाबत विचार करावा लागला. औद्योगिक हायड्रॉलिक पाइप बनवणारे कारागीर भोसरीकडे आहेत. जुनी धातूची टोके ठेवून मध्ये नवे रबर बसवून देतात आणि ते निम्म्या किमतीत होते. दाब सहन करण्याच्या दृष्टीने तो पाइप कमी पडत नाही. पण मोटारीच्या स्टेअरिंगचा दाबाचा पाइप थोडा फुगेल असा मुद्दाम बनवलेला असतो, एसएई जे१८८ हे मानक अशाच पाइपांसाठी आहे. पंपातून तेल धक्क्याधक्क्याने येते आणि ते धक्के हा पाइप गिळतो. औद्योगिक पाइप ताठ असल्यामुळे तेच धक्के चालकाच्या हाताला आणि कानाला जाणवू शकतात. शिवाय तो पाइप एक्झॉस्टजवळून जात होता. तापलेल्या एक्झॉस्टवर दाबाखालचे तेल उडाले तर धूर होऊन थांबते असे नाही, ते पेटूही शकते. घाटातल्या जळक्या वासाबद्दल मी ट्रकवर अन्याय केला होता, हे या पाइपाच्या खालचे करपलेले डाग पाहिल्यावर लक्षात आले. म्हणून ४,६५० रुपयांचा मूळ बनावटीचा पाइप मागवला आणि त्यासाठी सहा दिवस थांबलो. बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवेच घातले. जुने वायसर एकदा दबलेले असतात, ते पुन्हा तितके नीट बसत नाहीत.

जुने तेल पूर्ण बदलणे आवश्यक होते. परतीची नळी बॉटलपासून सोडून एका बाटलीत सोडली, बॉटलचे ते तोंड बंद केले आणि एक जण वरून नवे तेल ओतत असताना दुसऱ्याने चाक फिरवत जुने बाहेर काढले. निघालेले तेल मी एका स्टीलच्या ताटलीत घेऊन उन्हात धरले. त्यात चंदेरी चमक दिसली असती तर पंपातली झीज तेलात उतरली आहे असे समजून पंप लगेच उघडावा लागला असता. चमक नव्हती, पण बारीक काळे कण भरपूर होते. ते फुगलेल्या पाइपाच्या आतल्या थराचे होते.

हवा काढण्याचे काम घाईने केले तर सगळी मेहनत वाया जाते. पुढची चाके जमिनीपासून वर असताना, इंजिन बंद ठेवून, चाक दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवले आणि दर चार-पाच फेऱ्यांनी पातळी भरली. त्यानंतरच इंजिन सुरू करून तीच कृती केली. आत हवा उरली आहे की नाही हे पाहण्याची एक सुरेख खूण आहे: इंजिन चालू असताना पातळी पाहायची, मग इंजिन बंद करून लगेच पुन्हा पाहायची. दाबली गेलेली हवा इंजिन बंद होताच फुगते आणि पातळी वर चढते. ही चढ ५ मिलिमीटरच्या आत असावी असे दुरुस्तीच्या पुस्तिका सांगतात. आमच्याकडे पहिल्यांदा ती जवळजवळ दुप्पट आली, गाडी रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा केले तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटर उरली. कण्हणे थांबले. पंप निर्दोष ठरल्याचे मी वहीत लिहिले आणि हे लिहिणे घाईचे होते.

साडेपाच आठवड्यांनी, जानेवारीच्या एका थंड सकाळी, गाडी सुरू करताच पट्टा किंचाळला. बॉनेट उघडले तर त्याच्या आतल्या अस्तरावर, पंपाच्या पुलीच्या नेमक्या वर, पिचकारीने मारल्यासारखी तेलाची एक सरळ तांबूस रेघ उमटली होती. अशी रेघ पाहिली की फार शोधावे लागत नाही. फिरत्या पुलीच्या मागून, म्हणजे पंपाच्या दांड्याच्या सीलमधून, तेल बाहेर आले की पुली ते आपल्या फिरण्याच्या प्रतलातच भिरकावते. पट्टा किंचाळत होता तोही तेलाने भिजल्यामुळे.

हे दोन महिन्यांपूर्वी का दिसले नाही, याचा विचार मी बराच केला. माझे मत असे की, त्या वेळी सील शाबूतच होता. स्टेअरिंगचे तेल हेच पंपाचे वंगणही असते आणि त्याला थंड ठेवणारेही तेच. कुंभार्ली घाटात आणि त्याआधी मागील मालकाच्या काळात कितीतरी वेळा, पंप अर्धे तेल आणि अर्धी हवा यांवर फिरला. त्यात दांडा ज्या कड्यात फिरतो तो बुश झिजला, दांडा किंचित डगमगू लागला आणि सीलची ओठासारखी कड एका बाजूने घासत गेली. पहिल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी पंप गेल्याचे सांगितले होते. त्यांचे निदान त्या दिवशी चुकीचे होते, पण पंप त्या वाटेला लागलेला होता हे मान्य करायला हवे.

पंप उतरवून उघडला. दांडा पुसून, सील जेथे बसतो त्या जागेवरून मी नख फिरवले. नख अडकले असते तर तेथे खाच पडली आहे असे समजायचे. मग नवा सील घालण्यात अर्थ नसतो, तो काही महिन्यांत पुन्हा गळतो आणि पंपच बदलावा लागतो. नख अडकले नाही, फक्त एक मंद झळाळीचा पट्टा होता. बुश मात्र झिजलेला होता. लेथवाल्याकडून नवा बुश बसवून घेतला, सील आणि सर्व ओ-रिंग किटमधल्या घातल्या आणि भिजलेला पट्टा धुऊन पुन्हा न लावता नवा टाकला, कारण तेल प्यायलेला पट्टा वरून कोरडा दिसला तरी घसरतो.

खर्चाची बेरीज अशी झाली. पहिल्या दुरुस्तीत दोन्ही पाइप, क्लिपा, वायसर, तीन लिटर तेल आणि मजुरी मिळून ७,६७० रुपये, दुसऱ्या दुरुस्तीत किट, बुश, पट्टा, एक लिटर तेल आणि मजुरी मिळून ४,१८० रुपये, असे एकूण ११,८५० रुपये. विक्रेत्याच्या पावतीवर हमी फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सची होती, तीही तीस दिवसांची, आणि स्टेअरिंग त्यात बसत नाही हे त्याचे म्हणणे कागदावर खरे होते. मी वाद न घालता पावडरीच्या चाचणीची छायाचित्रे, फुगलेल्या पाइपाचे छायाचित्र आणि दुरुस्तीची बिले एका पत्रासोबत पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, एवढेच एक वाक्य शेवटी लिहिले. तिसऱ्या दिवशी फोन आला, "जुनी गाडी आहे साहेब, काही ना काही निघणारच" हे ऐकून घेतले आणि ३,००० रुपयांवर प्रकरण मिटवले. मला त्याहून अधिक मिळवता आले असते की नाही, यावर घरात अजून मतभेद आहेत.

मोठ्या गॅरेजमध्ये मी ते अंदाजपत्रक परत घेऊन गेलो होतो, भांडायला नव्हे, तर बूट उघडून का पाहिला नाही हे विचारायला. तेथील पर्यवेक्षकांनी सरळ उत्तर दिले: बूट उघडून, धुऊन, वाळवून शोधण्यात दोन-अडीच तास जातात आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही, असेंब्ली बदलली की गळती बंद होण्याची खात्री असते. पण आमच्या बाबतीत ती खात्रीही नव्हती, कारण नवा रॅक बसवूनही हीटरचा पाइप तसाच राहिला असता. तरीही शोधण्याच्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. नंतर ज्यांनी काम केले त्या मिस्त्रींना मी तपासणीचे ५०० रुपये वेगळे देऊ केले, तेव्हा ते काही क्षण ते पैसे कशाचे म्हणून माझ्याकडे पाहत राहिले.

गाडी आता १,७१,००० किलोमीटरला आली आहे. बॉटलवर तेव्हा पांढऱ्या रंगाने ओढलेल्या रेघेवर पातळी तशीच आहे. डाव्या बुटाच्या तिसऱ्या घडीत मात्र एक बारीक चीर दिसू लागली आहे. इतकी वर्षे तेलाखाली भिजल्याचा तो परिणाम असावा. तिच्यातून पावसाळ्यात पाणी-चिखल आत गेला तर तो कोरडा, निर्दोष रॅकही गंजेल, म्हणून नवा बूट आणून ठेवला आहे आणि तो येत्या शनिवारी बसवायचा आहे.